एक आणि शून्य : विज्ञान कुठवर सांगते?

शाळेत विज्ञानाचा तास संपत आलेला असतो. गुरुजींनी अणू, रेणू, ग्रह, तारे यांची माहिती सांगितलेली असते. अशा वेळी मागच्या बाकावरची एखादी मुलगी उठून विचारते, "गुरुजी, हे सगळं कशापासून झालं? आणि त्याच्या आधी काय होतं?" घंटा झाली तर गुरुजी सुटतात. नाही झाली तर काहीतरी उत्तर द्यावेच लागते.

या साध्या प्रश्नाच्या पोटात दोन फार जुने प्रश्न आहेत. हे जे नाना प्रकारचे जग दिसते, त्याच्या मुळाशी काही एकच आहे का? हा पहिला. आणि जग नव्हते तेव्हा काहीच नव्हते का, असले तर त्या 'काहीच नाही' मधून हे सारे कसे निघाले? हा दुसरा. पहिल्याला आपण 'एक' म्हणू, दुसऱ्याला 'शून्य' म्हणू. आजचे भाषण या दोन शब्दांविषयीच आहे.

याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक कीर्तन-प्रवचनांतून आणि अलीकडे मोबाइलवरून फिरत असते : "हे सगळं आपल्या ऋषींनी आधीच सांगून ठेवलंय. विज्ञान आता कुठं तिथवर पोचतंय." दुसरे उत्तर चार पुस्तके वाचलेला तरुण देतो : "जग शून्यातून आपोआप झालं हे विज्ञानानं सिद्ध केलंय. बाकी सगळ्या भाकडकथा." दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. पण माझ्या मते दोघेही एकाच जागी घसरतात. तो शास्त्रज्ञाचा 'एक' आणि ऋषींचा 'एक', शास्त्रज्ञाचे 'शून्य' आणि तत्त्वज्ञाचे 'शून्य' हे शब्द सारखे, म्हणून त्यांचे अर्थही सारखेच, असे दोघेही धरून चालतात. ते तसे का नाही, हे आपण पायरीपायरीने पाहू.

प्रथम विज्ञानाचा 'एक' घेऊ.

आंबा देठावरून सुटला की खाली पडतो. चंद्र मात्र वर लटकलेला दिसतो, पडत नाही. म्हणून फार दिवस लोकांची समजूत अशी, की पृथ्वीवरचे नियम वेगळे आणि आकाशातले वेगळे. न्यूटनने १६८७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दाखवले, की चंद्रसुद्धा पडतोच आहे. आंबा पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आंब्यापेक्षा साठपट लांब आहे. साठ गुणिले साठ म्हणजे छत्तीसशे. तेव्हा चंद्राचे पडणे आंब्याच्या छत्तीसशेवा भाग असायला हवे, म्हणजे सेकंदाला दीड मिलिमीटरहूनही थोडे कमी. प्रत्यक्ष चंद्राची गती मोजली तर तेवढेच भरते! तो पडतो तितक्यात बाजूलाही सरकतो, म्हणून जमिनीवर न आदळता पृथ्वीभोवती फिरत राहतो. आंब्याला आणि चंद्राला एकच नियम. हा विज्ञानाच्या ऐक्याचा पहिला मोठा विजय.

पुढे १८२० साली डेन्मार्कच्या एर्स्टेडला दिसले, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८३१ मध्ये फॅरेडेने उलट बाजू दाखवली, की लोहचुंबक हलवला तर तारेत वीज उत्पन्न होते. म्हणजे वीज आणि चुंबकत्व ही सख्खी भावंडे निघाली. मॅक्सवेलने १८६० नंतरच्या काही वर्षांत या दोहोंचे एक गणित बसवले. त्या गणितातून एका लाटेचा वेग निघाला, तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. हा तर प्रकाशाचा वेग! म्हणजे प्रकाशही त्याच घरातला. त्याच घरातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा पुढे हर्ट्झने प्रयोगशाळेत काढून दाखवल्या, आणि आकाशवाणीचा शब्द त्याच लाटांवर बसून तुमच्या घरी येतो.

ही वाट अजून पुढे गेली. सूर्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम होतो. त्या कामी एक अगदी दुबळे, अणूच्या गाभ्यापुरतेच चालणारे बल लागते. हे दुबळे बल आणि विजेचे बल मुळात एकच आहेत, असा सिद्धांत ग्लॅशो, वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांच्या कामातून उभा राहिला. तिघांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या सिद्धांताने भाकीत केलेले कण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८३ साली सापडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सलाम मूळचे पंजाबातल्या झंगचे, आज ते गाव पाकिस्तानात आहे. ते श्रद्धाळू मुसलमान होते. वाइनबर्ग न्यूयॉर्कचे, उघडउघड नास्तिक. एकाच्या मते विश्वाच्या मागे ईश्वराची योजना, दुसऱ्याच्या मते तसे काही नाही. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून काम केले आणि दोघांचे गणित एकच आले. याचा अर्थ काय? त्या गणितातले ऐक्य देव आहे असेही म्हणत नाही आणि नाही असेही म्हणत नाही. आस्तिकाला आणि नास्तिकाला ते सारखेच हाती लागते. ही विज्ञानाची ताकद आहे, आणि त्याची हद्दही येथेच दिसते.

हे ऐक्य पुरे झाले आहे का? नाही. आंबा पाडणारे गुरुत्वाकर्षण अजून या कुटुंबात सामील झालेले नाही. आइनस्टाइनने १९५५ साली मृत्यू येईपर्यंत, आयुष्याची शेवटची तीसएक वर्षे, ते सामील करण्याचा प्रयत्न केला. त्याला ते साधले नाही. पुढेही पुष्कळ बुद्धिमान माणसांनी खटपट केली. कागदावर सुंदर सिद्धांत आहेत, पण प्रयोगाने खरा ठरलेला एकही नाही.

विज्ञानाला द्रव्याच्या कुळाचाही शोध लागला आहे. तुमच्या रक्तात लोह आहे आणि नांगराच्या फाळातही लोह आहे. हे दोन्ही लोह, पृथ्वी जन्मण्याआधी कधीतरी, ताऱ्यांच्या भट्टीत आणि त्यांच्या स्फोटात तयार झाले. ताऱ्यांत ही मूलद्रव्ये कशी शिजतात, याचा मोठा लेख बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल या चौघांनी १९५७ साली लिहिला. फाळ आणि फाळ धरणारा हात यांचे हे गोत्र एकच. ऐकून अंगावर काटा येतो, आणि यावाही.

पण नीट पाहा, या 'एक'चा अर्थ काय झाला? नियम थोडे, त्यांतून प्रकार अनेक. द्रव्याचे मूळ एक, त्याची रूपे अनेक. यात रूपे खोटी ठरत नाहीत. मीठ खारटच राहते आणि गूळ गोडच राहतो. आणि हा 'एक' ओळखणारा शास्त्रज्ञ त्या 'एक'च्या बाहेर, हातात मोजपट्टी घेऊन उभा असतो. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आता 'शून्या'कडे वळू. त्यासाठी विहिरीवर गेले पाहिजे.

विहिरीच्या काठावर पंप बसवला आणि पाणी पंचवीस-तीस फुटांच्या खाली गेले, की पंप पाणी ओढेनासा होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मग तो विहिरीत खाली उतरवावा लागतो. पंप कितीही मोठा आणला तरी चौतीस फुटांची मर्यादा ओलांडता येत नाही. असे का? इटलीतल्या कारागिरांना हे कोडे पडले होते. जुन्या विद्वानांचे उत्तर होते, की निसर्गाला रितेपणाचा तिटकारा आहे, म्हणून रिती जागा भरायला पाणी वर चढते. पण हा तिटकारा चौतीस फुटांवरच कसा संपतो?

गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या वाटीत उलटी धरली, तेव्हा नळीतला पारा उतरून सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर जागा उरली, आणि त्या जागेत हवा नव्हती. टॉरिचेलीने अर्थ लावला तो असा, की पाणी कोणी वर ओढत नाही, बाहेरची हवाच ते दाबून वर चढवते. हवेचा दाब चौतीस फूट पाण्याला पुरतो, पुढे त्याचा इलाज चालत नाही. आताची बोअरमधली सबमर्सिबल मोटर पाण्यात बसून खालून ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही. पुढे जर्मनीत माग्देबुर्ग शहराच्या गेरिके याने दोन पोकळ धातूचे अर्धगोल जुळवून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले तरी ते अर्धगोल सुटेनात.

तर पोकळी करता येते, हे ठरले. पण ती पोकळी म्हणजे 'काहीच नाही' का? नळीतल्या पोकळीतून पलीकडचे दिसते, म्हणजे प्रकाश आरपार जातो. चुंबकाचा ओढाही पलीकडे पोचतो. लाटेला वाहून न्यायला काहीतरी लागतेच, या समजुतीने एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी सगळीकडे भरून राहिलेला 'ईथर' नावाचा पदार्थ कल्पिला. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली यांनी त्या ईथरचा माग काढण्यासाठी अत्यंत बारीक प्रयोग केला. हाती काही लागले नाही. १९०५ साली आइनस्टाइनने दाखवले, की ईथरची गरजच नाही.

मग पोकळी खरोखर रिकामी झाली म्हणावे, तर विसाव्या शतकाने ती पुन्हा भरली. ती कशाने भरली, हे सांगायला आपल्या भाषेतला एक शब्द मदतीला येतो. ज्याला भौतिकशास्त्रात 'क्षेत्र' म्हणतात तो शब्द आणि आपला 'शेत' हा शब्द, दोन्ही एकच. आज असे समजतात, की सर्व अवकाशात अशी क्षेत्रे पसरलेली आहेत, आणि इलेक्ट्रॉनसारखे कण म्हणजे त्या क्षेत्रांत उगवलेले पीक. पीक सगळे कापून नेले तरी शेत राहते. पोकळी म्हणजे पीक काढून घेतलेले रान. आणि हे रानसुद्धा अगदी निपचित नसते. क्वांटमच्या नियमाप्रमाणे त्यात काही किमान चळवळ उरतेच. डच शास्त्रज्ञ कॅसिमिर याने १९४८ साली गणित मांडले, की पोकळीत धातूचे दोन पत्रे अगदी जवळ ठेवले तर त्यांच्यावर विजेचा भार नसतानाही ते एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये अमेरिकेत हा ओढा बारकाईने मोजला गेला. २०१२ साली सर्नमध्ये हिग्ज कण सापडला. ज्या क्षेत्राचा तो कण, ते क्षेत्र तर रित्या अवकाशातही शून्य नसते.

म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षे विज्ञान रितेपणाच्या मागे लागले आहे. धान्य काढले, धूळ काढली, हवा काढली, ईथरही काढून टाकला. प्रत्येक वेळी काहीतरी उरले. निखळ 'काहीच नाही' विज्ञानाला आजवर कुठे भेटलेले नाही.

या रित्या जागेने विज्ञानाला एक मोठा ठोसाही दिलेला आहे. १९९८ साली दोन शास्त्रज्ञगटांना आढळले, की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालले आहे. यामागे रित्या अवकाशाचीच ऊर्जा असावी, असा तर्क आहे. पण ही ऊर्जा क्वांटमच्या गणिताने ढोबळपणे काढली, तर ती प्रत्यक्षाच्या इतकीपट जास्त येते, की तो आकडा लिहायला एकावर सुमारे १२० शून्ये द्यावी लागतात. जगातल्या उत्तम गणिताचे उत्तर चुकावे, आणि ते एवढे! शास्त्रज्ञ हे लपवत नाहीत. परिषदांत उघड बोलतात.

आता मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. "त्याच्या आधी काय होतं?" विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट आणि तप्त अवस्थेत होते आणि तेथून पसरत आले, एवढे आज भक्कम पुराव्याने सांगता येते. त्या तप्त अवस्थेची उरलेली मंद ऊब पेन्झियस आणि विल्सन यांना रेडिओच्या मोठ्या अँटेनावर मिळाली, ते वर्ष १९६५. जुन्या टीव्हीवर केंद्र बंद झाले की मुंग्यांसारखे ठिपके दिसत, त्यांतला अगदी थोडा अंश या आदिम ऊबेचा असे. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू हॉइल यांचे मत मात्र वेगळे होते. विश्वाला आरंभच नाही, असे ते मांडत. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते मत स्वीकारले नाही, तरी २०२५ साली निधन होईपर्यंत नारळीकर शंका विचारत राहिले. विज्ञानात अशा शंकेकऱ्यालाही मानाचे पान असते.

त्या तप्त अवस्थेच्याही आधी काय? काहींनी गणित मांडले, की विश्व 'शून्यातून' निघू शकते. १९७३ साली ट्रायन याने आणि १९८२ साली व्हिलेंकिन याने अशा कल्पना मांडल्या. क्राउस यांचे याच विषयावरचे पुस्तक २०१२ साली खूप गाजले. यांतली एक कल्पना आपल्याला परकी वाटू नये. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. जितके धन तितकेच ऋण, तर बेरीज शून्य. ट्रायनचे म्हणणे असे, की विश्वातल्या द्रव्याची ऊर्जा धन आणि गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण, तेव्हा सगळ्या विश्वाचा जमाखर्च शून्यही असू शकेल.

कल्पना मोठी देखणी आहे. पण व्यवहार जाणणारा शेतकरी लगेच विचारील, "हजार रुपये कर्ज काढलं आणि हजार रुपये हातात आहेत, तर माझा हिशेब शून्य, हे खरं. पण वही कुणाची? कर्ज देणारी पेढी कुठून आली?" हाच खरा प्रश्न आहे. या सर्व सिद्धांतांत, विश्व निघण्याआधी, क्वांटमचे नियम गृहीत धरलेले असतात. पीक नसते, पण शेत असते, निदान शेतीचा कायदा तरी असतो. तो कायदा तरी का आहे, याचे उत्तर त्या कायद्यातून निघत नाही.

श्रोतेहो, आता तत्त्वज्ञांकडे जाऊ.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि श्वेतकेतू या बापलेकांची गोष्ट आहे. बाप मुलाला वडाचे फळ आणायला सांगतो, ते फोडायला लावतो, आतल्या बारीक बियांतली एक बी फोडायला लावतो आणि विचारतो, काय दिसते? मुलगा म्हणतो, काहीच नाही. बाप सांगतो, तुला जे दिसत नाही त्यातूनच हा एवढा वड उभा आहे. आणि तेच तत्त्व तुझ्यातही आहे. म्हणजे या गोष्टीत 'शून्य' आणि 'एक' दोन्ही आले. बौद्ध आचार्य नागार्जुन 'शून्यता' म्हणतो, तेव्हा त्याला 'काहीच नाही' असे म्हणायचे नसते. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने असते, स्वतःच्या बळावर वेगळी उभी नसते, असा त्याचा अर्थ. आपल्या ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' सुरू होतो तो शिव आणि शक्ती या दोन दिसणाऱ्यांच्या ऐक्यापासून.

या सर्वांचे आपापसात मतभेद आहेत, आणि तेही कडक. पण शास्त्रज्ञापेक्षा त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना जाणणाऱ्यासकट सगळे समजून घ्यायचे आहे. उद्दालकाचे शेवटचे बोट बीकडे नसून मुलाकडे आहे. विज्ञान मात्र जाणणाऱ्याला बाजूला ठेवूनच कामाला लागते. मोजणारा वेगळा आणि मोजायची वस्तू वेगळी, ही त्याची पहिली अट. त्या अटीमुळेच सलाम आणि वाइनबर्ग यांचे गणित एक आले. तराजूने ज्वारी तोलता येते, सोने तोलता येते. त्याच तराजूने तोच तराजू तोलता येत नाही. यात तराजूत खोट नाही. त्याचे काम तसे आहे.

"पण जुळवून पाहिलं तर काय बिघडलं?" असे कोणी म्हणेल. इतिहासातली दोन उदाहरणे सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'आपले आकाशतत्त्व म्हणजेच शास्त्रज्ञांचा ईथर' असे अनेकांना वाटू लागले होते. स्वामी विवेकानंदांनीही १८९६ सालच्या एका पत्रात अशी आशा प्रकट केली आहे, की टेस्ला हे प्रसिद्ध शास्त्रज्ञ वेदान्तातल्या सृष्टिविचाराला गणिताचा आधार देतील. ती उमेद त्या काळाला धरून होती. पण पुढे नऊच वर्षांत ईथरला विज्ञानानेच रजा दिली. वेदान्ताचे त्यात काही गेले का? नाही. कारण तो ईथरवर उभा नव्हताच.

दुसरे उदाहरण बेल्जममधले. विश्व एका आदिकणापासून पसरले, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, नव्या विज्ञानाने सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली, अशा अर्थाचे उद्गार काढले. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. झाली चिंता. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याच्या खुंटीला धर्म बांधू नये, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी ती पोपच्या सल्लागारांपर्यंत पोचवली. नंतर पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. स्वतःच्या सिद्धांताला मिळालेली एवढी मोठी शाबासकी या पाद्र्याने नाकारली, कारण त्याला दोन्ही गोष्टी जिवापाड प्रिय होत्या.

आणि आपल्या गावात याची किंमत कोण देते? 'क्वांटम' हा शब्द आता बाजारात आला आहे. क्वांटमच्या नावाने कडी, माळा, पाणी, उपचार विकले जातात. "सगळं एकच आहे, पोकळीत शक्ती आहे, हे विज्ञानानं मान्य केलंय," एवढे वाक्य ऐकवले, की शिकलेला माणूसही मान डोलावतो. अशा भरीला पडून कोणी मधुमेहाची गोळी सोडली, तर ते नुसते शब्दांचे भांडण राहत नाही. पोकळीची चळवळ खरी आहे, पण दोन पत्र्यांमधला तो ओढा मोजायला नाजूक यंत्रे लागतात. तिने कोणाची साखर उतरत नाही. उलट बाजूलाही नुकसान आहे. "विज्ञानानं सगळं उलगडलंय," असे शिकलेला मुलगा वारीला जाणाऱ्या आजीला हसतो. आजीला पंढरीच्या वाटेवर जे मिळते, त्याची मोजणी त्याने केलेली नसते आणि ती करण्याचे साधनही त्याच्याजवळ नसते.

तेव्हा गुरुजनहो, वर्गातल्या त्या मुलीला काय सांगावे? मी सुचवतो ते साधे आहे. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिला : 'माहीत आहे'. दुसरा : 'अजून माहीत नाही'. तिसरा : 'मोजून सांगण्यासारखा प्रश्न नव्हे'. मग मुलांकडूनच प्रश्न भरून घ्या. आंबा आणि चंद्र एकाच नियमाने पडतात का? पहिल्यात. विश्व तप्त अवस्थेतून पसरले का? पहिल्यात. गुरुत्वाकर्षण बाकी बलांशी कसे जुळते? दुसऱ्यात. रित्या जागेत ऊर्जा किती, आणि एवढीच का? दुसऱ्यात. मुळात काहीच नसण्याऐवजी काही का आहे? आणि हे सारे जाणणारा मी कोण? तिसऱ्यात.

एखादा प्रश्न कोणत्या रकान्यात टाकावा यावर वाद होईल. होऊ द्या. प्रश्न एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतातही. वडाच्या बीत श्वेतकेतूला काही दिसले नाही. आज चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही मुलांना त्यातला इवला गर्भ दाखवू शकता. त्याच्या पेशींत झाडाच्या घडणीची सूचनावली असते, हेही सांगू शकता. 'काहीच नाही' तिथे पुष्कळ काही निघाले, हे विज्ञानाचे केवढे मोठे देणे! पण "तेच तत्त्व तुझ्यात आहे," हे उद्दालकाचे बोलणे त्या सूक्ष्मदर्शकाने खरेही ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही. दोन्ही गोष्टी मुलांना सांगा, पण एकीची पावती म्हणून दुसरी दाखवू नका.

आजच्या विषयाचे उत्तर थोडक्यात असे. ऐक्याविषयी विज्ञान पुष्कळ सांगते, पण ते नियमांचे आणि द्रव्याच्या कुळाचे ऐक्य आहे, आणि तेही अद्याप अपुरे आहे. शून्याविषयी ते सांगते, की जिथे जिथे पाहिले तिथे शून्य नव्हते. अंतिम एक आणि अंतिम शून्य मात्र त्याच्या मापात बसत नाही.

आणि वर्गात "माहीत नाही" म्हणायला गुरुजींना संकोच वाटण्याचे कारण नाही. ऋग्वेदातले सृष्टीच्या आरंभाविषयीचे नासदीय सूक्त फार प्रसिद्ध आहे. त्याचा शेवट कसलाही निकाल न देता शंकेवर होतो. हे सारे कुठून झाले ते कोणाला ठाऊक असेल का, याविषयीचीच ती शंका. ज्यांनी ते रचले त्यांना असे लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. मुलीला तिसरा रकाना दाखवून, "बाळ, याचं उत्तर मला माहीत नाही, पण तू विचारलंस ते फार चांगलं झालं," एवढे म्हटले, तर घंटा व्हायची वाट पाहावी लागणार नाही.